गौतम : कुळाचे नाव पाळण्यात

चिकित्सक : अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर कुणी ‘गौतम’ अशी हाक मारली, तर गर्दीत किती माना वळतील? सत्तरीतले आजोबा वळतील, बँकेतले साहेब वळतील, बारावीतला मुलगाही वळेल. पण इतक्या घरांत लाडके झालेले हे नाव मुळात कुणा एकाचे नाव नव्हे. ते कुळाचे नाव आहे, आजच्या भाषेत आडनाव. व्याकरणच तसे सांगते. मूळ ऋषी गोतम, त्याच्या वंशात जन्मला तो गौतम. संस्कृतात पहिला स्वर वाढवला की वंशज दाखवता येतो : वसुदेवाचा वासुदेव, भरद्वाजाचा भारद्वाज, कश्यपाचा काश्यप. म्हणजे ‘गौ’मधला औकार हीच आडनावाची खूण आहे. बुद्धाचे स्वतःचे नाव सिद्धार्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तसेच लिहिले : मुलाचे नाव सिद्धार्थ ठेवले, कुळाचे नाव गौतम होते, म्हणून लोक त्याला सिद्धार्थ गौतम म्हणू लागले. बरे, बुद्ध ज्यांच्यात जन्मले ते शाक्य तर क्षत्रिय, मग त्यांना ऋषीचे गोत्र कुठून आले? अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ काव्यात त्याचे उत्तर दिले आहे : शाक्य राजपुत्रांचा गुरू कपिल हा गौतम गोत्राचा होता, गुरूचे गोत्र ते शिष्यांचे. एकूण गोत्र म्हणजे जन्माने चिकटणारी ओळख. जन्मावरून माणूस जोखणारी व्यवस्था ज्यांनी नाकारली, त्यांनी आपल्या मुलांसाठी नेमके गोत्राचेच नाव का उचलावे?

कार्यकर्ता : व्याकरण मान्य आहे. पण नाव व्याकरणाच्या दारातून घरात येत नाही. ते पुस्तकातून येते, सभेतून येते, भिंतीवरच्या तसबिरीतून येते. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. 1898 मध्ये निघालेल्या त्या मराठी पुस्तकाच्या नावातच ‘गौतम बुद्ध’ आहे. आता हे दोन शब्द मराठी कानाने ऐका. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. ‘गौतम बुद्ध’मध्ये गौतम पहिल्या जागी बसलेला. ऐकणाऱ्याला तेच त्यांचे नाव वाटले यात नवल काय? सिद्धार्थ हे राजवाड्यातल्या मुलाचे नाव राहिले आणि गौतम हे साऱ्या जगाला शिकवणाऱ्या माणसाचे.

शिवाय काळ पाहा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी जमलेल्या जनतेला त्रिशरण, पंचशील आणि 22 प्रतिज्ञा दिल्या. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्धांची संख्या होती जेमतेम अडीच हजार. 1961 मध्ये ती झाली सुमारे 28 लाख. या घरांत पुढचा पाळणा हलला तेव्हा बाळाला हाक कोणती मारायची, हा प्रश्न एकाच वेळी हजारो दारांत उभा राहिला. अशा वेळी कुणी पाणिनी उघडून बसत नाही.

चिकित्सक : पाणिनी नको, पण त्रिपिटक तरी उघडायला हवे. त्यात ‘गोतम’ कोण म्हणतो ते पाहा. वादाला आलेले ब्राह्मण ‘भो गोतम’ म्हणतात. परके लोक ‘समण गोतम’ म्हणतात. शिष्य मात्र ‘भंते’ म्हणतात, ‘भगवा’ म्हणतात. ज्ञानप्राप्तीनंतर सारनाथला जुने पाच सोबती भेटले आणि नावाने हाक मारू लागले, तेव्हा तथागताला असे संबोधू नका, असे खुद्द बुद्धांनीच त्यांना बजावले. म्हणजे ‘गौतम’ ही बाहेरच्यांची हाक. आतल्यांनी ती का घ्यावी?

दुसरी गोष्ट भाषेची. पालीत औकारच नाही, तिथे शब्द आहे गोतम. आपल्या चळवळीने धर्म सोडून ‘धम्म’ म्हणण्याचा आग्रह धरला, भिक्षू न म्हणता ‘भिक्खू’ म्हटले, मुलांची नावे धम्मपाल, संघपाल ठेवली. मिलिंद हेही पालीतलेच रूप, ग्रीक राजा मिनँडरचे. मग गौतम आणि सिद्धार्थ तेवढे संस्कृत का राहिले? आणि तिसरी गोष्ट नाशिकच्या लेण्यांतली. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, आई गौतमी, दोघांची ओळख त्या गोत्रावरून. लेणे दिले भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्खूंना. पण त्याच लेखात आई मुलाची स्तुती करताना म्हणते की त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. महाराष्ट्रात हे गोत्रनाम दगडावर कोरले गेले ते वर्ण राखल्याच्या अभिमानासह. हा इतिहास त्या नावाच्या पाठीवर आहे.

कार्यकर्ता : नाशिकच्या लेखातून उलटाही धडा घेता येतो. वर्ण राखणारा राजा आणि वर्ण न मानणारे भिक्खू, दोघे एकाच भिंतीवर. नावाला स्वतःची बाजू नसते, ते वापरणाऱ्याच्या बाजूने उभे राहते. आणि त्रिपिटकातच पाहायचे तर बायकांची नावे पाहा. सिद्धार्थाला वाढवणारी महाप्रजापती गोतमी, मेलेले मूल छातीशी धरून मोहरीचे दाणे मागत दारोदार फिरलेली किसा गोतमी. या दोघींना आपण आजही गोतमी म्हणूनच ओळखतो. म्हणजे कुळाच्या नावाने एका माणसाला ओळखणे ही नागपूरने काढलेली रीत नव्हे. घरोघरच्या लहान गौतमींना तर थेट तिथूनच आधार मिळतो.

हाकेचे म्हणाल, तर मराठी घरात आदरणीय माणसाचे नाव मुलाला ठेवतात ते ते नाव दिवसातून शंभरदा तोंडी यावे म्हणून. विठ्ठल, तुकाराम ही नावे याच भावनेने ठेवली गेली. पालीच्या आग्रहाबद्दलही सांगतो. धम्म आणि धर्म यांत अर्थाचा फरक करायचा होता, म्हणून तिथे शब्द बदलला. गोतम आणि गौतम यांत तसा फरक नव्हता. आईच्या जिभेवर जे रूप आधीपासून होते, ते राहिले.

आता गोत्राच्या मूळ आक्षेपाकडे येऊ. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला 31 वा श्लोक नावांचीही उतरंड लावतो : ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनाचे, शूद्राचे निंदेचे. ज्या ग्रंथात हे लिहिले तो 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळला गेला. जाळणाऱ्यांच्या मुलांनी मग ऋषिकुळाचे नाव घेतले आणि ते कुठे ठेवले? गोत्राच्या जागी ठेवले नाही. विचारल्यावर सांगायची ती गोष्ट त्यांनी हाक मारायची गोष्ट करून टाकली. ज्यांना गोत्रांच्या यादीत जागा नव्हती, त्यांनी गोत्राचा धाकच काढून घेतला.

चिकित्सक : इथे जरा थांबायला हवे. निंदावाचक नावे फक्त खालच्या म्हटलेल्या जातींवर लादली गेली, हे चित्र अपुरे आहे. मुले जगत नसत, तेव्हा सटवीची नजर चुकवायला धोंडू, दगडू, केरू अशी नावे सगळ्याच जातींत ठेवत. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव होते. 1858 मध्ये चित्पावन घरात जन्मलेल्या मुलाचे नाव धोंड्यावरून!

कार्यकर्ता : उदाहरण अगदी नेमके दिलेत. पण मोठेपणी त्या मुलाला गावाने काय म्हटले? धोंडोपंत. आणि तेच नाव गावकुसाबाहेरच्या माणसाचे असेल तर? धोंड्या. साठी उलटली तरी धोंड्या. नाव एकच, पण एकाला ‘पंत’ लागला आणि दुसऱ्याला ‘या’ लागला. म्हणून नुसते नाव तपासून भागत नाही, हाक तपासावी लागते. 1956 नंतर आईबापांनी जे नाव निवडले ते हाक मारणाऱ्याला अडवणारे होते. गौतम म्हणताना त्या तसबिरीतल्या शांत चेहऱ्याची आठवण यावी, तोंड जरा आवरले जावे, अशी ती अपेक्षा. आज मित्र प्रेमाने ‘गौत्या’ म्हणतात, ती गोष्ट निराळी. मित्राने तोडलेले नाव आणि मालकाने तोडलेले नाव यांतला फरक ज्याने सोसला त्याला विचारा.

आणखी एक बदल झाला, तो फारसा कुणी सांगत नाही. पूर्वी नावाचे अक्षर पंचांगातून निघे. जन्मनक्षत्र पाहून भटजी अक्षर सांगणार, मग आत्या कानात नाव सांगणार. 22 प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचांग मिटले आणि अक्षराची सक्ती संपली. 1955 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांसमोर त्रिशरण-पंचशील म्हणून नामकरण होऊ लागले. कोणत्याही अक्षरावरून कोणतेही नाव ठेवता येते, हे स्वातंत्र्य त्या पिढीला पहिल्यांदा मिळाले. त्यातून तिने जी नावे निवडली त्यांत गौतम होता, सिद्धार्थ, राहुल, आनंद होते, सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा होत्या.

चिकित्सक : मग या नावाच्या लोकप्रियतेचे सगळे श्रेय नागपूरला द्यायचे का? तसे करता येणार नाही. जैन घरांत गौतम आहे तो महावीरांचे पहिले गणधर इंद्रभूती गौतम यांच्यामुळे, आणि तिथेही ते गोत्राचेच नाव. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत बहीण गिरा यांच्यासोबत असलेले गौतम साराभाई जैन घराण्यातले, उद्योगपती गौतम अदानीही जैन कुटुंबातले. मुंबईचे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष आणखी वेगळ्या समाजातले. म्हणजे या नावाकडे येणाऱ्या वाटा निदान तीन : जैन घरातली, शिकलेल्या घरांतल्या बुद्धप्रेमाची आणि धम्मदीक्षेची. राहुल तर आता कुणाचाच राहिलेला नाही. क्रिकेट आणि सिनेमाने तो सगळ्यांचा केला.

आणि थोर माणसाचे आडनाव मुलाला नाव म्हणून देणे हे जगभर चालते. 1783 मध्ये जन्मलेल्या अमेरिकी लेखकाचे नाव वॉशिंग्टन आयर्विंग. तमिळनाडूत करुणानिधींना 1 मार्च 1953 रोजी मुलगा झाला, चारच दिवसांनी रशियाचा स्टॅलिन वारला आणि मुलगा एम. के. स्टालिन झाला. तिथेच के. एन. नेहरू नावाचे मंत्री झाले. महाराष्ट्रात मात्र टिळक, फुले किंवा आंबेडकर हे कुणाचे पहिले नाव म्हणून सहसा भेटत नाही. कारण साधे आहे. तमिळ पद्धतीत आडनावाची ठरलेली जागा नाही, आद्याक्षर आणि नाव एवढेच, त्यामुळे नेहरू हे नाव म्हणून बसते. मराठीत आडनावाची खुर्ची भरलेली असते. ‘आंबेडकर रामटेके’ म्हटले की दोन आडनावे एकमेकांवर आदळतात. म्हणून भीमराव चालले, आंबेडकर चालले नाही. आणि गौतम चालले, कारण ते आडनाव आहे हे मराठी माणूस विसरला होता. तेव्हा नागपूरची निवड जितकी क्रांतिकारक तुम्हाला वाटते, तितकीच ती या विसरण्याच्या आधारावर उभी आहे.

कार्यकर्ता : विसरण्याचा मुद्दा पटतो. पण तुलना करायचीच तर गोव्याशी करा, ती जास्त शिकवेल. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला. झेवियर हेही मूळ त्याचे नाव नव्हे. स्पेनच्या नवार प्रांतातल्या हाविएर गढीचे ते नाव, तिच्यावरून घराण्याचे. 1622 मध्ये त्याला संतपद मिळाले आणि गढीचे नाव जगभरच्या मुलांचे पहिले नाव झाले. गोव्यातले झेवियर आणि नागपुरातले गौतम यांचा प्रवास एकाच जातीचा : आधी घराणे, मग त्या घराण्यातला वंदनीय माणूस, मग पाळण्यातले मूल.

पण फरक बघा. गोव्यात बाप्तिस्मा झाला की नावासोबत आडनावही बदलले, नाईक-शेणवींच्या घरांत फर्नांडिस, डिसोझा आले. नागपुरात कुणाचे आडनाव बदलले नाही. मेश्राम मेश्राम राहिले, वासनिक वासनिक, खोब्रागडे खोब्रागडे. सगळा बदल पहिल्या नावावर येऊन पडला. उत्तर प्रदेशात याच्या उलट घडले. तिथे अनेक दलित घरांनी गौतम हे आडनाव म्हणून घेतले, राज्यसभेत गेलेले संघप्रिय गौतम हे त्यातले ठळक नाव. तिथे गौतम आपल्या मूळ जागी परतला, इथे तो पुढच्या जागी आला.

आता सरकारी कागद बघा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळाली ती 1990 च्या दुरुस्तीने. तोवर 34 वर्षे धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणे म्हणजे केंद्राच्या सवलतीवर पाणी सोडणे. मुलाला शाळेत घालणाऱ्या बापासमोर तीन रकाने होते. आडनावाचा रकाना वाडवडिलांनी भरून ठेवलेला. धर्माच्या रकान्यात खरे लिहावे तर मुलाच्या शिक्षणाचे नुकसान. मोकळा उरला तो एकच, मुलाच्या नावाचा. त्या रकान्यात गौतम लिहिण्याला कुठलाच कायदा अडवू शकत नव्हता. हे नाव इथे इतके का रुजले याचे उत्तर माझ्या मते त्या रकान्यात आहे.

चिकित्सक : हा युक्तिवाद आजवरच्या सगळ्यांत बळकट आहे, आणि म्हणूनच त्याच्या पुढे जायला हवे. पहिल्या पिढीसाठी गौतम हा निर्णय होता. निर्णय बापाचा, कागद शाळेचा. पण तिसऱ्या पिढीचे काय? आज नोकरीच्या मुलाखतीत किंवा भाड्याची खोली शोधताना ‘गौतम’ आणि त्यापुढे विदर्भातले एखादे आडनाव उच्चारले की समोरचा माणूस हिशेब करून मोकळा होतो. ‘आडनाव काय?’ या प्रश्नातून जे काढायचे असते, ते कधी कधी पहिल्या नावातूनच निघते. म्हणजे फेरी पूर्ण झाली. कुळाचे नाव पहिले नाव झाले आणि ते पहिले नाव आता कुळाच्या नावाचे काम करू लागले. जन्माची ओळख पुसायला आणलेला शब्दच जन्माची ओळख सांगू लागला, तर तो पुढे चालवायचा का? कित्येक तरुण आईबाप आता विहान, आरव अशी कुठलाच पत्ता न सांगणारी नावे ठेवतात. त्यांना पळपुटे म्हणता येईल का?

कार्यकर्ता : पळपुटे मुळीच म्हणणार नाही. मुलाला उन्हातून सावलीत न्यावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे. पण हिशेब करणारा कोण आहे, हेही सांगा. नावाने पत्ता सांगितला म्हणून दार बंद होत नाही, दाराआडचा माणूस ते बंद करतो. नाव बदलले की तो दुसरी खूण शोधील : वस्ती, शाळा, गळ्यातले लॉकेट, भिंतीवरची तसबीर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 1978 मध्ये झाला आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मध्ये सोळा वर्षे घरे जळली, माणसे मेली. नागपुरात इंदोऱ्याला नामांतराच्या शहिदांचे स्मारक आहे. ज्या समाजाने एका नावासाठी एवढे मोजले, त्याला नावे हळूच मिटवा असा सल्ला देता येत नाही.

तरीही तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट सोडवता येत नाही, ती मान्य करतो. आजोबांनी गौतम हे नाव निवडले. नातवाला ते मिळाले. निवडणे आणि मिळणे यांत अंतर आहे. नातवाने ते नाव पुन्हा स्वतः निवडले नाही, त्याचा अर्थ स्वतः शोधला नाही, तर त्याच्यापुरते ते आडनावच राहील, कितीही पहिल्या जागी लिहिले तरी.

चिकित्सक : मग माझाही आक्षेप बदलतो. गोत्राचे नाव का घेतले, हा प्रश्न आता मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. राहुल सांकृत्यायन आठवा. जन्माने केदारनाथ पांडे. भिक्खू झाल्यावर बुद्धाच्या मुलाचे नाव घेतले आणि आडनावाच्या जागी स्वतःचे सांकृत्य गोत्र ठेवले. नवे आणि जुने एकाच सहीत. त्यांना ते जमले, कारण त्यांच्या गोत्राला कुणी हसत नव्हते. नागपुरातल्या बापाजवळ अभिमानाने मिरवावे असे गोत्र नव्हते, म्हणून त्याने बुद्धाचे घेतले. प्रश्न एवढाच उरतो की नावाने मिळवलेला मान नावावर किती काळ टिकतो आणि केव्हा तो माणसाला नव्याने मिळवावा लागतो. त्यावर तुमचे माझे एकमत होईल असे वाटत नाही.

पण एका गोष्टीवर व्हावे. आपण दोघांनीही आतापर्यंत युक्तिवाद केले, मोजणी केली नाही. प्राथमिक शाळांत दाखल-खारीज रजिस्टर असते. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जात, धर्म, जन्मतारीख, सगळे एका ओळीत. 1956 च्या आधीची दहा वर्षे आणि नंतरची दहा वर्षे शेजारी ठेवली, तर कोणते नाव कोणत्या सालापासून आले, त्याच ओळीत धर्माच्या रकान्यात काय लिहिले होते, हे शाईत दिसेल. तुमचा तीन रकान्यांचा सिद्धांत खरा की खोटा, तेही तिथेच ठरेल.

कार्यकर्ता : ते आव्हान घेतो, आणि त्यात एक भर घालतो. रजिस्टरात नाव सापडेल, पण ते कुणी सुचवले, त्या दिवशी घरात काय बोलणे झाले, हे सापडणार नाही. दीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांत पाळण्यात निजलेली मुले आज सत्तरीकडे झुकली आहेत, त्यांची नावे ठेवणारे हात तर फार थोडे उरले आहेत. विदर्भातल्या प्रत्येक बौद्ध घराने या दसऱ्याच्या आत एवढे करावे : घरातला पहिला गौतम, पहिली सुजाता, पहिला सिद्धार्थ कोण, त्याचे नाव कुणी आणि का ठेवले, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून वहीत लिहून ठेवावे, साल आणि गावासकट.